'कला कुणाच्या बापाची नसते' असं म्हणण्याआधी

दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत राहणारी माझी मैत्रीण सुट्टीला आली तेव्हा माझ्यासाठी एक बॅग घेऊन आली. जांभळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं जाडसर कापड, त्यावर सुईने भरलेले छोटे छोटे पक्षी, चामड्याचे बंद, आत अस्तर, चेन. इतकी देखणी की ऑफिसला नेली की लिफ्टमधल्या अनोळखी बायकासुद्धा विचारायच्या, कुठून घेतली हो. लेबलवर कंपनीचं नाव आणि 'हँडमेड, ग्वाटेमाला' एवढंच. एकदा लोकलमध्ये बॅग मांडीवर घेऊन बसले होते, सहज निरखत होते, तर लक्षात आलं की कडेच्या एका पक्ष्याला डोकंच नाहीये. म्हणजे होतं, पण ते शिवणीत गेलंय. आता ज्या बाईने तो पक्षी भरला तिने पूर्णच भरला असणार ना, अर्धा पक्षी कुणी भरत नाही. म्हणजे हे कापड बॅगेसाठी बनलंच नव्हतं, ते आधी दुसरंच काहीतरी होतं आणि मग कुणीतरी कात्री चालवली.

तिथून मी वाचत गेले आणि वाचतच राहिले. ते कापड म्हणजे विपिल. ग्वाटेमालातल्या माया बायका अंगात घालतात ते चौकोनी ब्लाऊजसारखं वस्त्र, खाली गुंडाळायचं कोर्ते आणि कमरेला पट्टा. जांभळ्या पट्ट्या आणि पक्षी हे आतित्लान तळ्याकाठच्या सांतियागो आतित्लान या गावाचं. म्हणजे लेबलवर देशाचं नाव असलं तरी कापडावर गावाचं नाव लिहिलेलं होतं, फक्त मला ते वाचता येत नव्हतं. याच गावातल्या त्सुतुहिल या माया समूहातल्या बाईचा चेहरा, डोक्याभोवती लांबच लांब फीत चक्राकार गुंडाळलेली, ग्वाटेमालाच्या २५ सेंतावोच्या नाण्यावर आहे. तिथल्या लोकांच्या खिशात रोज तिचा चेहरा असतो, पण तिच्या अंगावरच्या नक्षीवर तिच्या गावाचा हक्क आहे असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. मला या लेखात बोलायचंय ते याबद्दल, आणि हा प्रश्न आपल्यापासून वाटतो तितका लांबचा नाहीये.

आधी ते विणतात कसं ते बघा, कारण त्याशिवाय पुढचं सगळं हवेत जाईल. माग म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येवल्याचा खड्ड्यातला मोठा माग येतो, फ्रेम, पावड्या, धोटा. माया बाईचा माग गुंडाळी करून काखेत मारता येतो. दहा-बारा काठ्या आणि दोर, बस. ताण्याचं एक टोक झाडाला किंवा ओसरीच्या खांबाला बांधायचं आणि दुसरं टोक पट्ट्याने स्वतःच्या कमरेमागून. मग चटईवर गुडघे टेकून बसायचं. मागे रेललं की ताणा घट्ट, जरा पुढे झुकलं की सैल. म्हणजे मागाचा अर्धा भाग बाईचं शरीरच. आपल्याकडे नागालँडच्या बायका शाली विणतात तो माग अगदी याच जातीचा, मधे अख्खी पृथ्वी आडवी आहे तरी. लाकडाची एक गुळगुळीत पट्टी असते तलवारीसारखी, तिने प्रत्येक बाणा ठोकून बसवायचा आणि नक्षीसाठी जादाचे रंगीत धागे बोटांनी उचलून एकेक करून घालायचे. समोर नक्षीचा कागद नसतो, सगळं डोक्यात, आईकडून आलेलं. हात जेवढे पुरतात तेवढाच पन्हा निघतो, म्हणून एका विपिलला दोन किंवा तीन पट्टे विणून जोडावे लागतात. दाट नक्षीच्या एका विपिलला महिने जातात, स्वयंपाक, पोरं, शेतातलं काम सांभाळून. मधोमध गळ्यासाठी भोक. चिचिकास्तेनांगोच्या विपिलला त्या भोकाभोवती सूर्याचे किरण असतात, बाईने डोकं आत घातलं की ती सूर्याच्या मध्यातून बाहेर येते.

आणि गावागणिक हे वेगळं. नेबाहचं वेगळं, कोमालापाचं वेगळं, सान आंतोनियो आग्वास कालियेंतेसचं वेगळं. कुठली बाई कुठली हे लांबून कळतं. आपल्याला हे छान, रंगीबेरंगी वाटतं. पण १९६० ते १९९६ तिथे यादवी युद्ध चाललं, दोन लाखांवर माणसं मेली किंवा गायब झाली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने सांगितलं की ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. त्या काळात एखाद्या 'बंडखोर' ठरवलेल्या गावाचं विपिल अंगावर असणं म्हणजे सैनिकाला पत्ता सांगण्यासारखं होतं. शहरात, मळ्यांवर पळून गेलेल्या कितीतरी बायकांनी गावचं विपिल काढून ठेवलं, दुसऱ्या गावचं घातलं किंवा सरळ फ्रॉक घालायला लागल्या. मग २०१३ मध्ये माजी हुकूमशहा रिओस मोंतवर वंशसंहाराचा खटला उभा राहिला तेव्हा इशिल या माया समूहातल्या बायका आपल्या लाल कोर्त्यांमध्ये कोर्टात आल्या आणि एकेक करून साक्ष दिली. २०१६ ला सेपुर सार्को खटल्यात म्हाताऱ्या केक्ची बायका विणलेल्या रंगीत कापडाने चेहरा झाकून बसल्या होत्या, सैन्याने त्यांच्यावर काय केलं ते सांगत. ज्या कापडामुळे मरण आलं असतं तेच कापड.

युद्ध संपलं म्हणून सगळं निवळलं असंही नाही. २००२ मध्ये इर्मा आलिसिया वेलास्केस निमातुह या केचे मानववंशशास्त्रज्ञ बाईंना राजधानीतल्या एका रेस्टॉरंटमध्ये आत सोडलं नाही, कारण त्या माया पोशाखात होत्या. इतकी शिकलेली बाई, दारात अडवली. त्याच वर्षी तिथे भेदभाव हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला, पण विपिल घातलेली बाई दिसली की ती कुणाकडे कामाला आहे हे गृहीत धरण्याची सवय कायद्याने जात नसते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता या सगळ्यावर ती बॅग ठेवून बघा. तीच नक्षी बाईच्या अंगावर असली की दारात अडवणार आणि बॅगेवर असली की काचेच्या शोकेसमध्ये लाईट मारून ठेवणार. याच मुद्द्यावर तिथल्या विणकर बायका उठल्या. साकातेपेकेस भागातल्या बायकांची आफेदेस नावाची संघटना, तिच्याभोवती देशभरच्या विणकर बायकांची चळवळ उभी राहिली, आणि २०१६ मध्ये त्या थेट घटनात्मक न्यायालयात गेल्या. म्हणाल्या, आमच्या वस्त्रांना सरकार संरक्षण देत नाही ही घटनेची पायमल्ली आहे. आन्खेलिना आस्पुआक यांच्यासारख्या बायकांनी हे पुढे नेलं. मग विधेयक आलं, क्रमांक ५२४७. मागणी साधी होती, की नक्षीची लेखक म्हणून एका बाईला नाही तर त्या गावाला, त्या समूहाला मान्यता द्या. कुणाला वापरायची असेल तर समूहाला विचारा, नफ्यातला वाटा द्या आणि समूहाला 'नाही' म्हणायचा हक्क द्या. ते विधेयक वर्षानुवर्षं रेंगाळत राहिलं.

या बायका एक गोष्ट नेहमी सांगतात, की आमची वस्त्रं म्हणजे वसाहतवाल्यांना जाळता न आलेली पुस्तकं. हे नुसतं काव्य म्हणून सोडून देऊ नका. १५६२ मध्ये आजच्या मेक्सिकोतल्या युकातानच्या मानी गावात दिएगो दे लांदा या पाद्रीने मायांच्या पोथ्यांची खरोखर होळी केली. सगळ्या जगात मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच पोथ्या उरल्या. जे पुरुषांनी कागदावर लिहिलं होतं ते जळालं, जे बायकांनी कमरेला बांधून विणलं ते उरलं, कारण पाद्र्याला ते लिखाण वाटलंच नाही.

मी हे ग्रुपवर सांगितलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "अगं कला कुणाच्या बापाची नसते." मला या वाक्याचा राग येत नाही, ते चांगल्या मनाने म्हटलं जातं, आणि त्यात तथ्यही आहे. पण माझं म्हणणं असं की हे वाक्य आपण प्रत्येक वेळी त्याच माणसाला ऐकवतो ज्याच्याकडे वकील नाही. मोठ्या कंपनीच्या लोगोबद्दल आपण कधी म्हणतो का की रेषा कुणाच्या बापाच्या नसतात? तिथे रेषा बरोब्बर कुणाच्या तरी बापाच्या असतात, रजिस्टर केलेल्या, आणि तशी चप्पल काढली तर दुसऱ्या दिवशी नोटीस दारात.

आणि कायदा उलटा कसा चालतो त्याचा नमुना बघायचा तर मेक्सिकोचा बघा. ओआहाका राज्यात सांता मारिया त्लाविटोल्टेपेक नावाचं मिहे लोकांचं डोंगरातलं गाव आहे. तिथल्या बायकांचा भरतकामाचा ब्लाऊज २०१५ मध्ये इसाबेल मारां या फ्रेंच डिझायनरच्या कलेक्शनमध्ये अगदी ओळखू येईल असा आला. गंमत नाही, पण झालं असं की दुसऱ्या एका फ्रेंच कंपनीने दावा लावला की हे डिझाईन आमचं, मारां यांनी आमचं चोरलं. पॅरिसच्या कोर्टात दोन फ्रेंच कंपन्या मिहे बायकांच्या ब्लाऊजवरून भांडत होत्या आणि मारां यांनाच बचावात सांगावं लागलं की डिझाईन मुळात त्लाविटोल्टेपेकचं आहे. कोर्टाने दुसऱ्या कंपनीचा दावा फेटाळला. पण ज्यांचा ब्लाऊज त्या बायका या दाव्यात पक्षकार म्हणून नव्हत्याच, कारण कायद्याच्या नजरेत जुनं आणि सगळ्या गावाचं म्हणजे कुणाचंच नाही.

आपला कायदाही याच नजरेचा आहे. २००० चा डिझाईन्स अ‍ॅक्ट म्हणतो डिझाईन नवीन पाहिजे, मग दहा वर्षं आणि वाढवून आणखी पाच वर्षं संरक्षण. आजीने पणजीकडून घेतलेली नक्षी नवीन कशी असेल? म्हणजे जितक्या जास्त पिढ्या सांभाळली तितका हक्क कमी. लोक म्हणतात आपल्याकडे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे की. आहे, आणि तो चांगला आहे, पण जीआय नावाला कुंपण घालतो, नक्षीला नाही. 'पैठणी' म्हणून खोटी पैठणी विकू नका एवढं तो म्हणू शकतो. तोच मोर, तोच नारळी पदर मशीनवर काढून 'डिझायनर सिल्क' म्हणून विकलं तर जीआयचे हात तिथे पोहोचत नाहीत.

हे आपल्याला २०२५ च्या जूनमध्ये चांगलंच कळलं, किंवा कळायला हवं होतं. मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मॉडेल्सच्या पायात कोल्हापुरी दिसली, नाव नाही, गाव नाही, नुसतं लेदर सँडल. सगळा महाराष्ट्र पेटला. मीपण पेटले होते, स्टेटसला टाकलं होतं. आणि तो राग योग्यच होता, त्याशिवाय कंपनीने मूळ मान्य केलंच नसतं, त्यांची माणसं कोल्हापूरला आलीच नसती, डिसेंबरमध्ये लिडकॉम आणि लिडकर या महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या सरकारी चर्मोद्योग महामंडळांबरोबर करार झालाच नसता. पण मधे जे झालं ते आपण विसरलो. काही वकिलांनी मुंबई हायकोर्टात जनहित याचिका केली आणि ती टिकली नाही, कारण कोर्टाचं म्हणणं, जीआयचे नोंदणीकृत मालक तुम्ही नाही, त्यांचं काही असेल तर ते येतील. कायद्याच्या दृष्टीने बरोबरही असेल. पण यातून दिसतं ते असं, की आपला राग अंगणात उभा होता आणि हक्क कपाटात बंद होता.

आणखी एक गोष्ट त्या वेळी मला खुपली आणि अजून खुपते. 'आमची कोल्हापुरी' म्हणून जो तो बोलला, पण ती करणारे चर्मकार कारागीर बोलताना फार कमी दिसले. पायताणाचे प्रकार गावांच्या नावाने आहेत, कापशी म्हणा, कुरुंदवाडी म्हणा, म्हणजे ती गावंही विपिलसारखीच वस्तूत लिहिलेली आहेत. चपलेचा अभिमान अख्ख्या राज्याचा आणि चामड्याचा वास मात्र एका समाजाचा, हे शतकानुशतकं चालत आलंय. त्यामुळे समूहाचा हक्क म्हणताना समूह म्हणजे 'आपण सगळे मराठी' असं पटकन धरून चालणार नाही. ज्यांनी ते केलं आणि ते केलं म्हणून ज्यांना खाली बसवलं, ते.

पण मला खरं बोलायचंय ते वारलीबद्दल. कारण तिथे आपण प्राडाच्या जागी उभे आहोत.

डहाणू, तलासरी, जव्हारकडच्या वारली घरात लग्न असलं की कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. लिहितात हाच शब्द. सवाशिणी लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, आणि चौकात पालघट देवी बसते. तो चौक नसेल तर लग्न लागत नाही. १९७० च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी हे हात कागदावर आणले, रोजचं जगणं काढायला लागले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि वारली चित्रं जगभर गेली. हे चांगलंच झालं, समाजातल्या माणसाने स्वतःच्या मर्जीने नेलेलं. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला जीआयही मिळाला. पण आज तुमच्या-माझ्या कपाटात जो वारली प्रिंटचा कुर्ता आहे, ओढणी आहे, सोफ्याची कव्हरं, पायपुसणं, त्यातलं किती एखाद्या वारली माणसाच्या हातून आलं? मिलमध्ये रोल फिरतो, त्यावर तारपा वाजवणारा माणूस आणि त्याभोवतीची माणसांची साखळी, मीटरमागे मीटर. मी एका प्रदर्शनात पालघटीचा चौक छापलेली बेडशीट बघितलीये. विकणाऱ्या पोराला विचारलं हे काय आहे, तर म्हणाला मॅडम ट्रायबल डिझाईन आहे, फास्ट कलर. त्या बिचाऱ्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण देवी अंथरुणावर छापताना कुणीतरी कुठेतरी विचारायला हवं होतं, आणि ज्याला विचारायचं तो कोण हे कायद्याला माहीत असायला हवं होतं. आपल्या देव्हाऱ्यातल्या टाकांचं पायपुसणं कुणी काढलं असतं तर आपण काय केलं असतं ते मला माहितीये आणि तुम्हालाही.

आता विरोधातले मुद्दे, कारण ते खरे आहेत आणि टाळून उपयोग नाही.

एक म्हणजे या नक्षी तरी कुठे शुद्ध आहेत. बरोबर, नाहीतच. माया विपिलवर दोन डोक्यांचा गरुड असतो, काही अभ्यासक म्हणतात तो स्पॅनिश राजघराण्याच्या चिन्हावरून आला, गावातल्या म्हाताऱ्या बायका त्याची आपली वेगळी गोष्ट सांगतात. पावड्यांचा माग स्पॅनिश लोकांनीच आणला आणि त्यावर पुरुष बसले. आज अ‍ॅक्रिलिकचे चकाकते धागे सर्रास वापरतात, पोरी नवे रंग काढतात, दुसऱ्या गावचं विपिल हौसेने घालतात. पण घेणं हा मुद्दाच नाहीये. त्यांनी गरुड घेतला तेव्हा ज्याचा होता त्याच्या चाबकाखाली होते, त्याचा धंदा बसवला नाही त्यांनी. आणि समूहाचा हक्क म्हणजे नक्षी फ्रीजमध्ये ठेवणं नाही, बदल कुणी करायचा हे ठरवायचा हक्क.

दुसरा प्रश्न, समूहाच्या वतीने सही कोण करणार? हा जास्त अवघड आहे, मी मान्य करते. एका गावात चार गट, पुढारी घुसणार, पैसे एखाद्या सोसायटीच्या चेअरमनच्या घरी जाणार, हे आपण सहकारात भरपूर पाहिलंय. पण अवघड म्हणजे अशक्य नाही. पनामाने २००० साली २० क्रमांकाचा कायदा केला, खास आदिवासी समूहांच्या सामूहिक हक्कांसाठी. त्यात हक्क समूहाचा, नोंदणी त्यांच्या पारंपरिक काँग्रेसने म्हणजे महासभेने करायची, आणि हक्काला मुदत नाही. गुना लोकांचा मोला, कापडाचे थर कापून शिवून केलेली ती नक्षी, अशी नोंदवली गेली. या गुनांनी १९२५ मध्ये उठाव केला होता, आणि सरकारी पोलीस त्यांच्या बायकांचा पोशाख, नथी बंद करायला निघाले होते हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. २०१९ मध्ये नाइकीने मोलाची नक्षी असलेला बूट काढला, वर त्याला पोर्तो रिकोचं म्हणून नाव दिलं. गुनांच्या प्रतिनिधींनी आवाज उठवला आणि कंपनीने बूट बाजारात यायच्या आधीच मागे घेतला. विचारायला गेलं तर बोलायला कुणीतरी अधिकृत होतं, एवढ्याने किती फरक पडतो बघा. मेक्सिकोनेही २०२२ मध्ये आदिवासी आणि आफ्रो-मेक्सिकन समूहांच्या वारशासाठी कायदा केला. तो कसा राबतो ते राबवणाऱ्यावर आहे, पण निदान जुनं म्हणजे कुणाचंच नाही हे गृहीतक तरी मोडलं.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त छळतो. ग्वाटेमालाच्या बाजारात आता विपिलची नक्षी पॉलिएस्टरवर छापलेली मिळते, स्वस्तात, आणि ती विकत घेणाऱ्या बऱ्याच बायका स्वतः माया आहेत. रोज अंगात घालायला हाताने विणलेलं परवडत नाही, आणि अमेरिकेतून गठ्ठ्यांनी येणारे जुने टीशर्ट तर त्याहून स्वस्त. तिला कुठल्या तोंडाने सांगायचं की छापील घेऊ नकोस? माझ्या मावशीने आयुष्यभर येवल्याच्या पैठणीची हौस सेमी पैठणीवर भागवली, तिला मी काय सांगणार होते? मला वाटतं इथे घेणाऱ्या गरीब बाईला कोर्टात उभं करायचंच नाही. छापणाऱ्याला करायचं. त्याने नक्षीचे पैसे भरावेत, कापडाच्या कडेला गावाचं नाव छापावं आणि 'छापील' असं स्पष्ट लिहावं. स्वस्त वस्तू असायला हरकत नाही, ती कुणाच्या जिवावर स्वस्त झाली हे लपवायला हरकत आहे.

आपल्याकडे हे अगदीच कोऱ्या पाटीवर लिहायचं नाहीये. १९८५ चा कायदा आहे, ठरावीक कापड फक्त हातमागावर विणायचं असं सांगणारा, त्याच्या यादीत साडी आहे तशी ईशान्येच्या बायका कमरेला गुंडाळतात ती मेखला आणि फानेकही आहे. २०२३ मध्ये आसाम सरकारने याच कायद्याच्या आधारे बाहेरून येणाऱ्या पॉवरलूमच्या गामोसा, मेखला चादर आणि बोडो लोकांच्या आरोनाई-दोखोनाच्या विक्रीवर बंदी घातली. भिवंडी-इचलकरंजीच्या राज्यात राहून मला पॉवरलूम कामगाराचाही विचार करावा लागतो, तो काही खलनायक नाही, त्याच्या कानांची आणि फुफ्फुसांची दशा आपण पाहतो. पण हा कायदासुद्धा विचारतो ते एवढंच, की कापड हाताने झालं की मशीनने. कुणाची नक्षी हे तो विचारत नाही. उद्या एखाद्या शहरी डिझायनरने हातमागावरच मिझो पुआन किंवा नागा शाल काढून घेतली तर या कायद्याला काही हरकत नाही. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात ३५ लाखांवर हातमाग कामगार मोजले गेले, त्यात सत्तर टक्क्यांच्या वर बायका, आणि मोठा हिस्सा ईशान्येचा. या बायकांचं विणकाम सरकारी कागदावर 'जोडधंदा' असतं. आणि २०२० मध्ये, ऐन लॉकडाऊनच्या वर्षात, अखिल भारतीय हातमाग मंडळही बंद केलं, म्हणजे दिल्लीत विणकराला खुर्ची मिळण्याची जी एक जागा होती तीही गेली.

मला हवंय ते असं, की आदिवासी आणि कारागीर समूहांच्या नक्षीसाठी आपल्याकडे वेगळा कायदा असावा, ज्यात जुनेपणा हा दोष नसून पुरावा असेल. ग्रामसभेला त्यात स्थान असावं. पेसा कायद्याने १९९६ मध्येच अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायला सक्षम मानलंय, मग नक्षीबद्दल तिला विचारायला काय अडचण आहे? पालघटीच्या चौकासारख्या काही गोष्टी विकायच्याच नाहीत असं समाज म्हणाला तर त्या विकायच्या नाहीत, भाव किती का मिळेना. आदिवासींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा २००७ मध्ये आला तेव्हा भारताने बाजूने मत दिलं होतं, त्याचं ३१ वं कलम नेमकं हेच सांगतं, की आपल्या पारंपरिक ज्ञानावर आणि कलेवर नियंत्रण त्या त्या लोकांचं. मत देऊन आता बरीच वर्षं झाली.

तोवर मी काय करते, तर विचारते. प्रदर्शनात, दुकानात, ऑनलाइन चॅटवरसुद्धा. कुठल्या गावचं, कुणी केलं, त्यांना किती मिळाले. बहुतेक वेळा उत्तर नसतं. पण तारपाकऱ्यांच्या ओढण्या विकणाऱ्या एका ताईंनी पुढच्या वेळी येताना खरंच डहाणूच्या एका मुलीने काढलेले चार स्टोल आणले, लांबून हाक मारून दाखवले. महाग होते. मी एक घेतला.

बॅगेची चेन गेल्या पावसाळ्यात बिघडली म्हणून आमच्या कोपऱ्यावरच्या अल्टरेशनवाल्या काकांकडे दिली. त्यांनी अस्तर उसवलं आणि मला बोलावून कापड उलटं करून दाखवलं, म्हणाले हे बघा, हे वापरलेलं आहे. आतल्या बाजूला, जिथे आधी बाईचा खांदा आला असेल तिथे, बोटभर रफू होतं. जांभळ्याच धाग्याने, मूळ रंगापेक्षा एक छटा फिकट, पण टाके इतके बारीक आणि पट्टीच्या रेघेत इतके बरोबर बसवलेले की काका दोनदा चष्मा पुसून बघत होते. असं रफू कुणी विकायच्या वस्तूला करत नाही, म्हणाले. मी त्यांना अस्तर परत शिवू दिलं नाही. ते कापड आता सपाट करून घडी घालून कपाटात आहे, गळ्याची अर्धी गोलाई त्यात अजून दिसते.